गच्चीचा रंग आणि ‘के’चा आकडा

एसी किती मोठा लागेल हे ठरवणाऱ्या हीट लोडच्या, म्हणजे खोलीतून काढायच्या उष्णतेच्या, हिशेबात भिंतीच्या यू-व्हॅल्यूवरून (तिच्यातून उष्णता किती सहज जाते त्या आकड्यावरून) सहसा भांडण होत नाही. भांडण होते ते तापमानातल्या फरकावरून. बाहेर ३५ आणि आत २४ म्हणून ११ अंश धरून भागत नाही, कारण स्लॅब ऊन पितो आणि ते सावकाश आत सोडतो. ऊन आणि हवा यांना एकाच आकड्यात बसवणारे ‘सोल-एअर’ तापमान अमेरिकेत १९४०च्या दशकात रुजले. पुढे काही पद्धती आल्या-गेल्या आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सीएलटीडीचे (कूलिंग लोड टेंपरेचर डिफरन्स, म्हणजे ऊन आणि स्लॅबची साठवण जमेस धरलेला तापमानातला फरक) तयार तक्ते आले. आपल्याकडे कितीतरी अभियंते हीट लोड शिकले ते या तक्त्यांवरच.

हे तक्ते ४० अंश उत्तर अक्षांश, २१ जुलै आणि गडद पृष्ठभाग धरून केलेले. मुंबई १९ अंशांवर. अक्षांश आणि महिन्याची दुरुस्ती सोबत दिलेली असते, त्यामुळे तिथे फारसे अडत नाही. अडते ते रंगाच्या ‘के’पाशी, म्हणजे छपराच्या रंगानुसार तक्त्यातल्या आकड्याला ज्याने गुणायचे त्या गुणकापाशी. गडद छपराला १, फिक्याला ०.५. म्हणजे गच्ची पांढरी म्हटली की तक्त्यातला आकडा थेट निम्मा. हे हवेतले नाही: दर चौरस मीटरला ९०० वॅट ऊन आणि ३५ अंश हवा धरली, तर काळ्या गच्चीचे सोल-एअर तापमान साधारण ७८ अंश येते, पांढरीचे ५४. पण ०.५ घ्यायला अट होती: रंग कायम फिका राहणारा हवा आणि परिसर ग्रामीण. कारखान्यांच्या भागात फिक्या छपरालाही १च.

ही अट फार कडक, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ती रास्त वाटते. एका पावसाळ्यात शेवाळाने काळवंडलेली चुन्याची गच्ची कोकणात कोणीही पाहिलेली असते, आणि एसी पुढची पंधरा वर्षे तिच्याच खाली चालणार असतो.

२००१पासून तक्त्यांची जागा चोवीस तासांचा ताळेबंद मांडणाऱ्या पद्धतीने घेतली. रंग आता शोषणांक (पृष्ठभाग उन्हाचा किती वाटा शोषतो तो आकडा) म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भरतात. व्यापारी इमारतींच्या भारतीय ऊर्जासंहितेने कमी उताराच्या छपरांसाठी सौर परावर्तन (उन्हाचा परत फेकला जाणारा वाटा) २००७ साली किमान ०.७० मागितले, २०१७ साली ०.६०. दोन्ही वेळा मागितले ते सुरुवातीचे परावर्तन, म्हणजे रंग नवा असतानाचे. जुना तक्ता ‘कायम’ म्हणत होता.