मागच्या ड्रम ब्रेकचे डिस्क ब्रेकमध्ये रूपांतर

मोटारीच्या मागच्या चाकांचे मूळ ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसवणे. वरवर पाहता हे सुटे भाग बदलण्याचे काम वाटते, पण त्यात पुढच्या आणि मागच्या ब्रेकांमधला तोल नव्याने बांधावा लागतो. तो तोल चुकला तर डिस्क लावलेली गाडी मूळच्या ड्रमवाल्या गाडीपेक्षा धोकादायक ठरते.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबले की व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबावर चालणारा छोटा सिलिंडर) त्यांना बाहेर ढकलतो आणि शूवरचे लायनर, म्हणजे घर्षणाचे पट्टे, ड्रमला आतून घासतात. यातला एक शू घर्षणामुळे आपोआप ड्रमवर अधिक आवळला जातो, म्हणून थोड्या दाबात बरीच पकड मिळते. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर दोन पॅडांनी डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतो. तेथे अशी आयती मदत नसल्याने दाब जास्त लागतो, मात्र पकड पायाच्या जोराच्या प्रमाणात वाढत जाते. दोन्ही कल्पना जुन्या आहेत: लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेक आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांचे डिस्क ब्रेकचे पेटंट ही दोन्ही १९०२ सालची. डिस्कचा खरा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकल्यावर.

छोट्या गाड्यांना मागे ड्रम देतात याला केवळ काटकसर कारणीभूत नाही. समजा, १,००० किलोंच्या गाडीचा ६२० किलो भार पुढच्या आणि ३८० किलो मागच्या चाकांवर आहे, चाकांमधले अंतर अडीच मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी. उंचीवर आहे. गुरुत्व त्वरणाच्या ०.८ पट मंदनाने ब्रेक मारला तर सुमारे १६० किलो भार पुढे सरकतो. मागे उरतात २२० किलो. एवढ्या हलक्या झालेल्या चाकांना जोरदार ब्रेक लावला तर ती अडकतात, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागतात, आणि मागची चाके अडकलेली गाडी स्वतःभोवती फिरते. एबीएस (चाके अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या मोटारीत पुढची चाके आधी अडकली पाहिजेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या ब्रेकविषयक नियमाचे सूत्र आहे ते यासाठीच.

मग डिस्क लावून मिळते काय? उष्णता लवकर निघून जाते. लांबलचक घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क तापली की पॅडांच्या दिशेनेच जाड होते. पावसाळ्यात ड्रममध्ये शिरलेले पाणी सुकायला वेळ लागतो, डिस्क मात्र दोन फेऱ्यांत पाणी झटकते. पॅड बदलणेही सोपे. शूच्या स्प्रिंगांशी झटापट करावी लागत नाही. पण रोजच्या रस्त्यावर एकदाच करकचून ब्रेक मारल्यास गाडी थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही, कारण ते ठरवणारी शेवटची गोष्ट टायरची पकड असते. ही गोष्ट खर्च करण्याआधी समजून घेतलेली बरी. ड्रमला मागासलेला म्हणणेही अन्यायाचे आहे: फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विजेच्या गाड्यांना मुद्दाम मागे ड्रम दिले. त्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, मागचे ब्रेक क्वचित वापरले जातात, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते.

या रूपांतराचे सर्वांत माहितीतले उदाहरण अमेरिकेतल्या १९९२ ते २००० या काळातल्या होंडा सिव्हिकचे. तिच्या साध्या प्रकारांना मागे ड्रम होते, तर त्याच घराण्यातल्या अ‍ॅक्युरा इंटेग्राला डिस्क. दोन्हींची मागची ठेवण इतकी मिळतीजुळती की भंगारात निघालेल्या इंटेग्राचे मागचे ट्रेलिंग आर्म (चाक गाडीला जोडणारे दांडे) हब म्हणजे चाकाचा तुंबा, डिस्क आणि कॅलिपर यांच्यासकट सिव्हिकला बसतात. जाणकार तेवढ्यावर थांबत नाहीत. ते हँडब्रेकच्या केबल, मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि ४०४० असा आकडा कोरलेला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकांचा दाब मर्यादेत ठेवणारा) हेही आणतात. कारखान्याने जुळवलेला अख्खा संच उचलल्यामुळे तोल बऱ्याच अंशी तयारच मिळतो. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जोडून घरगुती ब्रॅकेटवर कॅलिपर टांगण्यापेक्षा ही वाट कितीतरी शहाणपणाची.

मास्टर सिलिंडरचे कारण असे: कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ब्रेक ऑइल जास्त लागते. जुना लहान सिलिंडर ठेवला तर पेडल लांब जाते; फार मोठा घेतला तर पेडल कडक होते आणि पायाचा जोर वाढतो. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात, चाक तापते आणि ब्रेक जाम होतो.

हँडब्रेक ही बहुतेकांची दुखरी जागा. ड्रमचा हँडब्रेक उतारावर गाडी घट्ट धरतो. डिस्कसाठी एकतर केबलने ओढला जाणारा कॅलिपर लागतो, नाहीतर डिस्कच्या मधल्या भागात छोटा ड्रम असलेली रचना. केबलवाल्या कॅलिपरच्या अनेक प्रकारांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. तो नुसता शिकंज्याने दाबला तर आतली यंत्रणा तुटते. केबल ताणण्याआधी पेडल अनेकदा दाबून पॅड डिस्कला टेकवून घ्यावे लागतात, नाहीतर हँडब्रेक कधीच नीट धरत नाही.

भारतात सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, आणि त्याची जुळणी मूळ ब्रेकांवर बेतलेली असते. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि त्याची दातेरी रिंग नव्या हबवर नेमकी जुळली नाही तर ही यंत्रणा चुकीचा निर्णय घेते किंवा बंद पडते. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना आळा घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

जोडणीनंतर चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा काढतात. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराचे ताजे तेलच भरतात. मग नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून मध्यम वेगावरून बऱ्याचदा हळुवार ब्रेक मारतात, मध्ये थंड होऊ देतात. एबीएस नसलेल्या गाडीची शेवटची परीक्षा मोकळ्या, ओल्या मैदानावर कमी वेगात होते: पूर्ण ब्रेक मारल्यावर बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराला मागची चाके आधी अडकलेली दिसली, तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हने मागचा दाब कमी केल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणत नाहीत.