किती जीबीचं कार्ड?

म्हापशात कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरशी दहा मिनिटं उभं राहिलं, तर एक संवाद हमखास ऐकू येतो. "ग्राफिक्स कार्ड आहे?" "आहे. किती जीबीचं?" चिपचं नाव त्यानंतर निघतं, कधी निघतच नाही. गेमची चित्रं काढणारं हे कार्ड म्हणजे जणू खोबरेल तेल, मेमरीच्या मापाने घ्यायचं. कमी पैशांत गेमिंग करू पाहणाऱ्यांना या एका मापाने वीसहून जास्त वर्षं चकवलं आहे, आणि त्याची सुरुवात जीबीच्याही आधीची, एमबीच्या काळातली आहे.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू हे कार्ड आलं. ते फक्त त्रिमिती चित्रं काढायचं, साध्या पडद्यासाठी शेजारी दुसरं कार्ड लागायचं. १९९९मध्ये एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीने जीफोर्स २५६ आणलं आणि त्याला जीपीयू, म्हणजे चित्रांसाठीचा स्वतंत्र प्रोसेसर, म्हणून मिरवलं. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सचा गाशा गुंडाळला आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली. या लढाईची आमच्याकडे फारशी कुणाला खबर नव्हती. गोव्यात मध्यमवर्गीय घरांत पीसी शिरला तो साधारण २०००नंतर. पर्रीकर मुख्यमंत्री असताना अकरावीच्या मुलांना सायबरएज योजनेतून संगणक मिळू लागले, आणि डिचोली-सत्तरीच्या गावांतही टेबलावर मॉनिटर दिसू लागला. त्याच्यावर क्रोशाचं आवरण असायचंच.

हा पीसी अभ्यासासाठी. त्यामुळे ग्राफिक्स ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डातच, वेगळं कार्ड नाही. त्या वेळच्या इंटेल ८४५जीएल चिपसेटच्या स्वस्त मदरबोर्डांवर तर कार्ड बसवायची खाच, म्हणजे एजीपी स्लॉटच नसे. पैसे साठवून कार्ड आणलं तरी ते बसवणार कुठे? ज्यांना काउंटर-स्ट्राइक खेळायचं ते तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत जात.

ज्यांच्याकडे स्लॉट होता त्यांना पहिला चकवा २००२मध्ये मिळाला. जीफोर्स ४ एमएक्स या कार्डाच्या नावात चार होता, पोटात मात्र जीफोर्स २च्या घराण्याची चिप होती. जीफोर्स ३मध्ये आलेले पिक्सेल शेडर, म्हणजे चित्राच्या ठिपक्याठिपक्यावर प्रकाश-रंगाचे परिणाम घडवणारे भाग, त्यात नव्हते. पुढच्या वर्षाच्या अखेरीस प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमचा नवा भाग आला तेव्हा त्याने हे कार्ड चालवूनच घेतलं नाही. खोक्यावर ६४ एमबी लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं, पण अडचण एमबीची नव्हतीच.

दुसरा चकवा याहून हुशार. २००४च्या अखेरीस जीफोर्स ६२०० टर्बोकॅश आलं. याच्या काही खोक्यांवर १२८ एमबीचा आकडा असे आणि प्रत्यक्ष कार्डावर १६ किंवा ३२ एमबी. बाकीची मेमरी ते पीसीच्या रॅममधून उसनी घेई. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आपल्या घरपट्टीत दाखवावं तसं. एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीनेही हायपरमेमरी नावाने तोच मार्ग धरला.

मग जीबीचं युग उजाडलं. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड घ्या. एकाच नावाखाली त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या विकल्या गेल्या. जीडीडीआर५ या वेगवान प्रकारच्या मेमरीचं कार्ड सेकंदाला ४० जीबी डेटा हलवायचं, डीडीआर३ या संथ मेमरीचं, ६४ बिट रुंदीच्या मार्गाचं कार्ड जेमतेम १४.४. पण डीडीआर३ स्वस्त, म्हणून त्याच्यावर ती दोन काय, चार जीबीसुद्धा घालता येई. साहजिकच काउंटरवर "चार जीबीचं कार्ड" भाव खाऊन जायचं आणि एक जीबीचं वेगवान कार्ड पडून राहायचं. मेमरी म्हणजे टाकी. तिला नळ किती इंचाचा आहे हे बघितल्याशिवाय टाकी केवढी ते विचारण्यात अर्थ नसतो. २०१८मध्ये जीटी १०३०च्या बाबतीत हेच पुन्हा झालं. दोन्ही आवृत्त्यांची मेमरी २ जीबीच, पण मूळ कार्डाचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता आणि मागाहून आलेल्या डीडीआर४ कार्डाचा १६.८. नाव तेच.

या पसाऱ्यात माझ्या मते गोव्यातल्या बजेट गेमरचं खरं भलं केलं ते २०१४च्या फेब्रुवारीत आलेल्या जीटीएक्स ७५० टीआयने, आणि त्याचं कारण वेगाच्या तक्त्यात सापडणार नाही. ते ६० वॉटमध्ये चालायचं. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॉट देतो, त्यामुळे त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर लागत नसे. याचं मोल ज्याने एसएमपीएस जाळला आहे त्याला विचारा. मी जाळला आहे. पावसाच्या तोंडावर वीज ये-जा करत होती, कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर "४५० वॉट" असा ठसठशीत स्टिकर होता, आणि मी त्याला सहा पिनांची वेगळी वायर लागणारं कार्ड जोडलं होतं. एक बारीक "टक्" आवाज झाला, मग करपल्याचा वास. उघडून पाहिलं तर आत नाणेभर आकाराचा ट्रान्सफॉर्मर आणि बोटभर जाडीची हीटसिंकची पट्टी. स्टिकरच्या कोपऱ्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत हे मी तोवर कधी वाचलंच नव्हतं.

२०१६च्या जीटीएक्स १०५० टीआयने हीच परंपरा चालवली. चार जीबी मेमरी, ७५ वॉट, अमेरिकेत १३९ डॉलर. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचं आरएक्स ५७० त्याच्यापेक्षा सरळसरळ वेगवान होतं, पण त्याची भूक दीडशे वॉटची. कागदावरची तुलना ५७० जिंकायचं. नवा एसएमपीएस हिशेबात धरला की डिचोलीतली तुलना बहुतेक वेळा १०५० टीआय जिंकायचं. ज्यांना स्थानिक भाव परवडत नसे ते रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई गाठून ग्रँट रोडला उतरत आणि लॅमिंग्टन रोडवरून खोकं घेऊन परतत. काही जण चोर्ला घाटाने बेळगावला जात. वॉरंटीचा प्रश्न निघाला की तीच वाट पुन्हा तुडवायची.

२०१७ आणि मग २०२०-२१मध्ये इथेरियम हे आभासी चलन खणणाऱ्यांनी, म्हणजे कार्डांकडून गणितं सोडवून ते कमावणाऱ्यांनी, बाजार रिकामा केला. त्यांनाही मेमरी हवी होती. त्यांची डेटाफाईल फुगत जाऊन २०२०च्या अखेरीस चार जीबीच्या कार्डांत मावेना, तेव्हा त्यांची नजर आठ जीबीवर गेली. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने खणण्याची पद्धतच सोडली आणि वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. अशी कार्डं वाईटच असतात असं नाही. पंखे बदलायचे, थर्मल पेस्ट नवी लावायची. मी मात्र आधी मागची लोखंडी पट्टी पाहतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ठेवलेल्या कार्डाच्या स्क्रूभोवती तांबूस कडं धरलेलं असतं. तिथे मी हात आखडता घेतो.

आता गंमत अशी, की इतकी वर्षं चुकीचा ठरलेला तो प्रश्न अचानक बरोबर झाला आहे. नवे गेम आठ जीबी खरोखरच भरून टाकतात. २०२५च्या जूनमध्ये आलेलं आरएक्स ९०६० एक्सटी आठ आणि सोळा जीबीत मिळतं, चिप दोन्हींत एकच. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत फरक ५० डॉलरचा होता, इथे त्यावर १८ टक्के जीएसटी. परवडत असेल तर सोळाच घ्यावं. २४९ डॉलरला जाहीर झालेलं इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबी देतं, पण रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते फार मागे पडतं. जुन्या पीसीत घालायचं तर आधी बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती सोय आहे का ते पाहावं.

आणि ज्याचा एसएमपीएस अजून तोच फुकटातला आहे, त्याच्यासाठी २०२४मध्ये आरटीएक्स ३०५०ची सहा जीबीची आवृत्ती निघाली. ७० वॉट, बहुतेक आवृत्त्यांना वेगळी वायर नाही, ७५० टीआयची खरी वारसदार. फक्त खोक्यावरचा सहाचा आकडा नीट पाहून घ्यायचा. आठ जीबीचं ३०५० कमी मेमरी घालून विकलंय असं वाटतं, पण इथे चिपमधले हिशेब करणारे कोअर २५६० वरून २३०४ झाले आहेत आणि नळही १२८ बिटवरून ९६वर आला आहे. नाव तेच ठेवलंय.