सकाळी उठलं की डोळे लाल? ड्रॉप टाकायच्या आधी हे वाचा

आठवड्यातून तीन-चार जण तरी आमच्या काउंटरवर वाकून, बोटाने पापणी खाली ओढून दाखवतात आणि म्हणतात, बघा ना, उठलं की असं लाल असतं, नंबर वाढला असेल का? नंबरचा याच्याशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. आम्ही चष्मे आणि लेन्स विकतो, डॉक्टर नाही आहोत, पण बडोद्याच्या दांडिया बाजारात इतकी वर्षं दुकान चालवून एक सवय लागलीये, आधी विचारतो की रात्री पंखा कुठे असतो.

हसू नका. झोपेत अश्रू कमी बनतात, पापणी बंद असते म्हणून डोळा ओला राहतो. पण बऱ्याच लोकांची पापणी झोपेत पूर्ण मिटतच नाही, खाली बारीक फट राहते, आणि त्यांना ते माहीत नसतं कारण ते झोपलेले असतात. त्या फटीवर रात्रभर पंख्याचा किंवा एसीचा झोत आला की सकाळी डोळ्याचा खालचा पांढरा भाग लाल, चुरचुर, आणि दहा-अकरापर्यंत सगळं आपोआप ठीक. एक काका कित्येक महिने ड्रॉप टाकून वैतागले होते, आम्ही काकूंना सांगितलं की ते गाढ झोपले की मोबाईलचा टॉर्च जरा लांबून धरून बघा. दुसऱ्या दिवशी काकू फोटोच घेऊन आल्या, डावा डोळा चांगला दोन मिलिमीटर उघडा, आतलं पांढरं दिसतंय, आणि काका म्हणतात हा मी नाहीच. पलंगाची दिशा फिरवली, डॉक्टरांनी रात्री घालायचं जेल दिलं, काम झालं. जेलने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून ते लाईट बंद करतानाच घालायचं. मात्र पापणी अचानक एकाच बाजूला मिटेनाशी झाली किंवा तोंड वाकडं वाटलं तर पंखाबिंखा सोडा, तडक हॉस्पिटल.

दुसरं म्हणजे पापण्यांच्या कडा. तिथे बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, त्या तेलामुळे अश्रू पटकन उडून जात नाहीत. त्या तुंबल्या की केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण, सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल. यावर उपाय अगदी घरगुती आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. स्वच्छ रुमाल, सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळलेला, मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं, गार झाला की परत गरम, मग कड हलक्या हाताने पुसायची. रोज. दोन दिवस करून फरक नाही म्हणू नका, दोन-तीन आठवडे द्या. खाज जास्त असेल तर ॲलर्जी धरा, उशीचा अभ्रा दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

आता लेन्सवाले, आणि इथे आम्ही थोडं ओरडूनच बोलणार. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात म्हणजे कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, जागेपणी तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो, डोळा मिटला की पापणीच्या आतल्या बाजूकडून जेवढा मिळेल तेवढाच. त्यात वर लेन्स ठेवून झोपलात तर काय होणार? अमेरिकेतली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते की लेन्स घालून झोपल्याने इन्फेक्शनचा धोका ६ ते ८ पट वाढतो. नवरात्रात दरवर्षी तेच, चणियाचोळीवर चष्मा नको म्हणून लेन्स, ग्राउंडची धूळ, रात्री दीड वाजता घरी येऊन खेलैया, म्हणजे गरबा खेळणाऱ्या, तशाच आडव्या, सकाळी डोळा टोमॅटो. आणि काढल्या तरी कोणी नळाच्या पाण्यात ठेवतं! पाण्यातल्या अकॅन्थअमीबा नावाच्या जिवाने कॉर्नियाला लागण झाली तर महिनोन्महिने उपचार लागतात, नजरही जाऊ शकते. सोल्यूशन रोज नवीन, जुन्यात भर घालायची नाही, डबी दर ३ महिन्यांनी बदलायची. लेन्सवाल्याचा डोळा लाल झाला की लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर, चष्मा नसेल तर आमच्याकडे या, काहीतरी जुगाड करू, पण लेन्स नाही.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वेल्डिंग करणाऱ्यांचं वेगळंच. काच न लावता आर्क बघितला तर तेव्हा काही होत नाही, ६ ते १२ तासांनी होतं, म्हणजे रात्री दोनला डोळ्यात वाळू भरल्यासारखं होऊन माणूस जागा होतो. बटाट्याची चकती ठेवतात, गार वाटतं तेवढंच. सुन्न करणारे ड्रॉप मागून आणून घरी टाकू नका, त्याने जखम भरायची थांबते.

रात्रीची दारू हेही कारण पुस्तकात असतं, गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे आम्ही ते सोडून देतो.

डोळ्यात एकदम रक्ताचा डाग, दुखत नाही, दिसतं नीट, तर बघायला भयंकर पण बहुतेक वेळा १-२ आठवड्यांत जातो. बीपी मात्र तपासा, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. २०२३ च्या पावसाळ्यात साथ आली तसे डोळे आले असतील, चिकट घाण, पाणी, घरात अजून कोणाला, तर टॉवेल-उशी वेगळी करा. ती साथ बहुधा व्हायरसची असते, अँटिबायोटिकने तो मरत नाही.

मेडिकलवरून लाली घालवायचा ड्रॉप आणता ना, तो रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून दहा मिनिटांत डोळा पांढरा. असर उतरला की लाली दुप्पट जोमाने येते, मग परत ड्रॉप, असं चक्र. स्टेरॉइडवाले त्याहून वाईट, मनाने टाकत राहिलात तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखतही नाही, कळतं तेव्हा नजर गेलेली असते. गुलाबजल, मध, तूप डोळ्यात नको, आजीने सांगितलं असलं तरी.

दुखतंय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका आहे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसून उलटी होतेय, किंवा डोळ्यात चुना-ॲसिड गेलंय, यातलं एकही असेल तर दुकानात येऊ नका, सरळ सयाजी हॉस्पिटल नाहीतर तुमचे डोळ्यांचे डॉक्टर गाठा. चुना-ॲसिड असेल तर निघायच्या आधी घरीच नळाखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा.

बाकी साधी लाली असेल तर या, बघून सांगू कोणाकडे जायचं, त्याचे पैसे घेत नाही. येताना जो ड्रॉप टाकताय त्याची बाटली आणा, रिकामी असली तरी.