पार्श्वभूमी : डॉक्टर नसलेली हॉस्पिटलं

लंडनच्या बर्मंडसी भागातल्या नव्या आम्सहाउसला, म्हणजे गरजू म्हाताऱ्यांसाठी दानातून बांधलेल्या घरांना, २०२५ चा स्टर्लिंग हा ब्रिटनमधला वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला आणि एक जुना शब्द पुन्हा कानावर आला. मराठीत त्याला काय म्हणायचं? धर्मशाळा म्हणावं, तर तिथला वाटसरू सकाळी उठून पुढे जातो. इथला माणूस मरेपर्यंत राहतो. वृद्धाश्रम म्हणावं, तर इथे प्रत्येकाचं बिऱ्हाड स्वतंत्र, दार स्वतःचं.

इंग्रजीतही गोंधळ कमी नाही. कित्येक जुन्या आम्सहाउसच्या नावात 'हॉस्पिटल' आहे, पण आत ना डॉक्टर, ना नर्स. मूळ लॅटिन शब्द पाहुण्यावरून आलेला. मध्ययुगात म्हातारे, आजारी, वाटसरू सगळ्यांनाच तिथे आसरा मिळे. विंचेस्टरचं सेंट क्रॉस हॉस्पिटल बाराव्या शतकातलं. तिथे मागणाऱ्या वाटसरूला आजही पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यातून बिअर देतात. दुसरा शब्द 'बीडहाउस'. 'बीड' म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रार्थना. राहणाऱ्याने भाडं द्यायचं नाही, पण दात्याच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करायची. मला तरी हे दानापेक्षा सौद्यासारखंच वाटतं. मृतांच्या प्रार्थनेसाठी ठेवलेल्या देणग्या १५४७ च्या कायद्याने राजाकडे गेल्या. आम्सहाउस बांधणं मात्र थांबलं नाही.

'हॉस्पिटल'चा हा जुना अर्थ इमारतीतही दिसतो. चिचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलचं तेराव्या शतकाअखेरचं अवाढव्य छप्पर दोन्ही अंगांना पार खाली उतरलेलं आहे. आत एकच लांब दालन, कडेने खाटा आणि पूर्वेच्या टोकाला चॅपेल (छोटं प्रार्थनागृह), म्हणजे अंथरुणावर पडल्या पडल्या वेदीवरची पूजा कळावी. १६८० च्या सुमारास त्याच दालनात दोन्ही कडांना छोटी बिऱ्हाडं उभी केली आणि त्यांची विटांची धुराडी छपरातून वर काढली. बाहेरून पाहिलं की गोदामात चाळ थाटल्यासारखं वाटतं. राहणाऱ्याला मात्र पहिल्यांदाच स्वतःची चूल मिळाली.

स्वतंत्र बिऱ्हाडाची ही गरज नव्याने बांधणाऱ्यांनी आधीच ओळखली होती. ऑक्सफर्डशरमधल्या युएल्मला १४३७ मध्ये १३ गरीब पुरुषांसाठी चौकाभोवती घरं झाली. सेंट क्रॉसमध्ये १४४५ नंतर वाढवलेल्या भागातही उंच धुराड्यांची रांग आहे.

पुढे चौकाची एक बाजू रस्त्याकडे उघडली. लंडनच्या माइल एंडला १६९५ मध्ये हिरवळीच्या दोन बाजूंना २८ घरं बांधली आणि टोकाला चॅपेल. राहणारे होते वाईट दिवस आलेले जहाजांचे कप्तान किंवा त्यांच्या विधवा, म्हणून रस्त्याकडच्या भिंतींच्या माथ्यावर जहाजांच्या प्रतिकृती. १८९५ मध्ये ती पाडायला निघाले होते. विरोध झाला, घरं वाचली, आणि त्यातूनच लंडनच्या जुन्या इमारतींची पद्धतशीर नोंद सुरू झाली.

बर्मंडसीत मोठ्या खिडक्या थेट रहदारीच्या रस्त्यावर काढल्या आहेत. मध्यभागी चॅपेल नाही. बागेकडे उघडणारं दुमजली दालन आहे.