मुंबईला दोन दिवस जाताय? तिकिटासोबत हा कागदही ठेवा

कुडाळच्या आमच्या टेबलासमोर बसून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतं, "दोन दिवसात सगळी मुंबय बघूची आसा, काय ता लिवन द्या." आम्ही तिकीट काढून देतो, राहायची सोय बघतो, पण सगळी मुंबई लिहून देणं आमच्याच्याने होत नाही. तिथे पस्तीस-चाळीस वर्षं काढून गावी परतलेल्या चाकरमान्यांनाही ती ठाऊक नसते. गिरणी, खोली, रविवारचा बाजार आणि गणपतीला गाव, एवढीच त्यांची मुंबई. तेव्हा आधी काय सोडायचं ते ठरवा, म्हणजे उरलेलं नीट बघून होईल.

आधी वार, मग यादी

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. बुधवारी राणीची बाग बंद, आणि तिला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. पेंग्विन बघायला हट्टाने आणलेली पोरं भायखळ्याच्या गेटवरून रडत परतल्याचं आम्ही एकदा नाही, तीनदा ऐकलं आहे. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग लांबच लांब. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो. निवड तुमच्या हातात असेल तर गुरुवार-शुक्रवार धरा.

नातेवाइकांचं काय करायचं

हा विषय नाजूक आहे, पण दोन दिवसांतला एक याच्यातच जातो म्हणून लिहितो. मावशी विरारला, चुलते डोंबिवलीला, आणि दोघांनाही कोकम आणि कुळथाचं पीठ पोचवायचं. चर्चगेट ते विरार साधारण साठ किलोमीटर. सकाळी दक्षिणेकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पिशव्या घेऊन चढणं सवय नसलेल्याचं काम नव्हे. त्यापेक्षा मावशीलाच दादरला बोलवा. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे भेटतात, पिशवी तिथेच द्या, चहा तिथेच घ्या. ती रागावली तर आमचं नाव सांगा.

पहिला दिवस पायी

कोकणकन्या सीएसएमटीला पहाटे पोचते. तेव्हा हॉटेलची खोली तयार नसते आणि कुठलं दारही उघडं नसतं. सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप नसेल तर ते घेत नाहीत, म्हणून घरूनच एक छोटं कुलूप न्या.

आता समुद्राकाठच्या माणसांनी करण्यासारखी एक गोष्ट. टॅक्सी करून ससून डॉकला जा. 1875 साली बांधलेला हा धक्का आहे, आणि उजाडताना तिथे मासळीचा लिलाव चालतो. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर होड्या लागताना बघितलेल्यालाही तिथली टोपल्यांची पळापळ बघून गप्प व्हायला होतं. अंगावर चांगले कपडे नकोत, फोटोचा सोस नको, आणि वाटेत उभं राहू नका. तिथे कोणी तुमच्यासाठी थांबणार नाही.

परत येऊन धोबीतलावला कयानीत न्याहारी. हे इराणी हॉटेल 1904 पासूनचं. बन मस्का आणि चहा मागवा, चहात पाव बुडवायला लाजू नका, सगळे बुडवतात. मावा केक बांधून घ्या, दुपारी लागेल.

तिथून पुढे सगळं चालण्याच्या अंतरात आहे. सीएसएमटीची इमारत एकदा बाहेरून, रस्ता ओलांडून, मान वर करून बघा. 1888 साली ती पुरी झाली आणि 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपण तिच्यातून इतक्या वेळा धावत गेलेलो असतो की दगडात कोरलेली माकडं, मोर आणि पानं दिसतच नाहीत. मग हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला दगडी, टोकदार कमानींच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला गोल कोपऱ्यांची आर्ट डेको घरं. 2018 साली या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला निदान तीन तास द्या. अर्ध्या तासात "बघून आलो" म्हणणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे वाचवावेत. लघुचित्रं आणि मीरपूरखासच्या स्तूपातली मातीची शिल्पं आमच्या आवडीची. गेटवे तिथून पाच-दहा मिनिटांवर आहे. पंचम जॉर्ज 1911 साली आला त्याच्या आठवणीसाठी बांधायला घेतला आणि पुरा व्हायला 1924 उजाडलं. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर नुसतं बसा. तुम्ही म्हणाल, समुद्र काय घरी नाही? आहे, पण त्याच्यासमोर इतके दिवे नाहीत.

दुसरा दिवस: एकच मोठी गोष्ट

घारापुरी किंवा भायखळा. दोन्ही नको. घारापुरीला गेटवेवरून लाँचने साधारण तास लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणजे अर्धा दिवस तिचाच. सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीसमोर उभं राहिल्यावर तो वेळ वसूल होतो. गुडघे दुखणारे, लहान मुलं किंवा पावसाळा असेल तर भायखळाच बरं. राणीच्या बागेत पोरं रमतात, संग्रहालयात मोठी माणसं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं, तो हत्तीही आता याच संग्रहालयाशेजारी उभा आहे. बेटावर न गेल्याची रुखरुख तेवढी कमी.

खाण्याचं एकच सूत्र

घरी मिळतं ते मुंबईत खाऊ नका. मालवणी थाळीची पाटी दिसली की आपली माणसं हमखास आत शिरतात, सुरमईचा भाव बघून बाहेर येतात आणि मग आम्हाला फोन करून मुंबईला नावं ठेवतात. मासे खावक मुंबयक कित्याक जावचा?

जे कुडाळ-मालवणात मिळत नाही ते शोधा. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात दुपारी बेरी पुलाव खा. हे पारशी घराण्याचं हॉटेल 1923 चं आहे आणि भातावर इराणची आंबट-लाल झरिष्क फळं पसरलेली असतात. आपल्या कोकमावर वाढलेल्या जिभेला तो आंबटपणा लगेच ओळखीचा वाटतो. शाकाहारी मंडळींनी माटुंगा गाठावं. स्टेशनलगतच्या रामा नायक यांच्या उडुपी खानावळीत 1942 पासून जेवण वाढतात. केळीचं पान मागा, रसमला नाही म्हणू नका. रस्त्यावरचं सँडविच, बटाटा-बीट-काकडी आणि हिरव्या चटणीचं, फोर्टात ऑफिसांच्या बाहेर जिथे नोकरदारांची रांग असेल तिथेच घ्या. वडापावचा जन्म 1966 साली दादर स्टेशनबाहेर झाला असं सांगतात, तेव्हा एक तिथेच खाऊन घ्या. दुसरा नको, संध्याकाळच्या भेळेला जागा ठेवा. चर्चगेटला के. रुस्तममध्ये दोन वेफरमध्ये दाबलेली आइस्क्रीमची वडी मिळते, ती उभ्यानेच आणि भराभर खायची असते.

रमजानात गेलात तर महंमद अली रोड रात्री. बाकी महिन्यांत त्याच्यासाठी वाट वाकडी करू नका, असं आमचं मत.

जाता जाता कामाचं

दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी किंवा बेस्टची बस. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी आणि हुतात्मा चौक एका मार्गावर आले आहेत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर लोकलपेक्षा तीच घ्या.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गणपतीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी संपतं, त्यामुळे नावं आणि वयं आदल्या दिवशी आणून द्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते आम्ही तिकिटावर पेनाने लिहून देतो. परतीला तुतारी एक्सप्रेस घेणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. ती दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. तारीख सांगताना "रात्रीची" हा शब्द आमच्याकडे दोनदा म्हणा. दुपारी एक ते चार ऑफिस बंद असतं.