आभासी डोळा: फेको आधी, टनेल मागाहून

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागांत विदर्भासोबत छिंदवाडा-बालाघाटकडचेही रुग्ण येतात. बऱ्याच जणांचा मोतीबिंदू तोवर पूर्ण पिकून कडक झालेला असतो. त्यामुळे इथला रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर, बहुधा आधी एसआयसीएस शिकतो, म्हणजे स्क्लेरात (डोळ्याच्या पांढऱ्या भागात) टनेल करून बिनटाक्याची शस्त्रक्रिया, आणि फेको, म्हणजे बारीक छेदातून अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून शोषून घेणं, त्यानंतर. आभासी सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर शस्त्रक्रियेचा सराव देणाऱ्या मशीनचा, इतिहास मात्र नेमका उलट क्रमाने घडला. मशीन घेण्याआधी किंवा त्यावर परीक्षा ठेवण्याआधी विभागाने हे लक्षात घ्यायला हवं.

सिम्युलेटरच्या आधी सरावाला वेट लॅब, म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव करण्याची जागा, होती, आजही आहे. खाटकाकडून आणलेला बकऱ्याचा डोळा काही तासांतच ढिला पडतो, कॉर्निया (बुबुळापुढचा पारदर्शक पडदा) धुरकट होतो. सलाईन टोचून ताण आणावा लागतो. टनेलचा हात बसवायला तो चांगलाच. पण त्याची कॅप्सूल, म्हणजे भिंगाभोवतीचं आवरण, माणसाच्या कॅप्सूलपेक्षा जाड आणि लवचिक, म्हणून रेक्सिस, म्हणजे कॅप्सूलमधला गोल छेद, ओढताना तो बाहेर पळतो. भिंग इतकं मऊ की फॉर्मेलिन टोचून कडक केल्याशिवाय न्यूक्लियस (भिंगाचा गाभा) फोडण्याचा सराव होतच नाही. शिवाय ही हत्यारं आणि हा मायक्रोस्कोप रुग्णांच्या ओटीत (शस्त्रक्रियागृहात) वापरता येत नाही. सगळा संच वेगळा ठेवावा लागतो.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं आभासी रूप १९९३ च्या सुमारास सूक्ष्मशस्त्रक्रियेच्या रोबोटसोबत संशोधनात आलं. रेसिडेंटना शिकवण्यासाठी संगणकावर केलेल्या शस्त्रक्रियेचा निबंध अमेरिकेत १९९५ मध्ये छापून आला. प्रत्यक्ष वापरात टिकला तो जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या कामातून निघालेला आयसी (Eyesi) हा सिम्युलेटर. आधी व्हिट्रियो-रेटिना (डोळ्याच्या मागच्या भागाची शस्त्रक्रिया), मग मोतीबिंदू, असा तो वाढला. पुतळ्याच्या डोक्यात कृत्रिम डोळा, आत हत्यारांची टोकं टिपणारे कॅमेरे, मायक्रोस्कोपच्या दोन आयपीसमध्ये दोन छोटे पडदे आणि खाली दोन पेडल.

फेकोच आधी का जमलं, याचं उत्तर हाताला काय जाणवतं यात आहे. फेकोत हत्यार सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातं आणि त्याच बिंदूभोवती फिरतं. बोटांना जोर फारसा जाणवत नाही, सर्जन डोळ्यांनी पाहून चालतो. हत्याराची जागा अचूक टिपली की नक्कल उभी राहते. टनेलचं तसं नाही. लिंबसच्या (कॉर्निया आणि स्क्लेरा मिळतात त्या कडेच्या) मागे दीड-दोन मिलिमीटरवर छेद, रुंदी सहा-सात मिलिमीटर, खोली स्क्लेराच्या साधारण निम्मी. टनेल कापणारं क्रेसेंट ब्लेड पुढे सरकताना स्क्लेरातून अंधूक दिसत राहिलं पाहिजे. फार स्पष्ट दिसलं तर पापुद्रा पातळ झाला, बटनहोल, म्हणजे वरच्या पापुद्र्याला भोक, पडणार. दिसेनासं झालं तर खोल गेलं, वेळेआधी चेंबरमध्ये (कॉर्नियामागच्या पोकळीत) घुसणार आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) छेदातून बाहेर येणार. हा फरक दिसण्याइतकाच हाताला लागणाऱ्या विरोधावरून कळतो, आणि तो विरोध यंत्राने उलट ढकलून दाखवणं महाग आणि अवघड.

ते काम वैमानिकांच्या प्रशिक्षणातून आलेल्या माणसाने हाती घेतलं. १९५१ मध्ये वैमानिकांना प्रशिक्षण देणारी फ्लाइटसेफ्टी ही कंपनी सुरू करणारे अल्बर्ट उल्ची यांनी २०१० मध्ये हेल्पमीसी ही संस्था उभी केली. दोन्ही हातांना विरोध जाणवून देणारा एसआयसीएस सिम्युलेटर त्यांच्याकडचा. त्यांचं एक प्रशिक्षण केंद्र मुंबईत आहे. नागपूरच्या विभागाला स्वतःचं मशीन घेण्याआधी तिथे रेसिडेंट पाठवून पाहणं शहाणपणाचं.

पुरावा काय सांगतो? लॉस एंजलिसमधल्या एका विभागात रेक्सिसचा सक्तीचा सराव लावल्यावर भरकटलेल्या रेक्सिसचं प्रमाण १५.७ वरून ५ टक्क्यांवर आलं. पण पुढे त्याच कामातून दिसलं की रेक्सिसशी संबंध नसलेल्या व्हिट्रियस लॉसवर (डोळ्यातला जेलीसारखा द्रव बाहेर येण्यावर) त्याचा तसा परिणाम नाही. ज्या पायरीचा सराव केला, तीच सुधारली. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदीत आयसी उपलब्ध असलेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांच्या हातून मागची कॅप्सूल फाटण्याचं प्रमाण २००९ ते २०१५ मध्ये ४.२ वरून २.६ टक्क्यांवर उतरलं. मशीन नसलेल्यांचं २.९ वरून २.८. शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच आकड्यावर आले, हेही नजरेआड करू नये.

परीक्षेसाठी मशीनचे सगळे गुण सारखे धरता येत नाहीत. डेन्मार्कमध्ये आयसीच्या १३ मॉड्यूलपैकी (सरावाच्या घटकांपैकी) फक्त ७ मॉड्यूलमध्ये नवखा आणि मुरलेला सर्जन वेगळे ओळखू आले. त्याच सातांची परीक्षा झाली, ७०० पैकी ६०० ला उत्तीर्ण. आपल्याकडे मशीन आलं की आधी हेच करायला हवं: विभागातले ज्येष्ठ आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट दोघांनाही बसवून कोणतं मॉड्यूल खरंच फरक दाखवतं ते तपासायचं, आणि मगच कटऑफ ठरवायचा. नाहीतर पेडलची सवय झालेला मुलगा गुण मिळवतो आणि ओटीत त्याचा टनेल फाटतो.

ब्लॉक (डोळा बधिर करणारं इंजेक्शन) अपुरा बसल्याने डोळा हलवणारा रुग्ण, खोल बसलेले डोळे, कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करणं) करूनही पाझरणारं रक्त, यांतलं बरंचसं मशीनवर येतच नाही. त्यासाठी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा व्हिडिओ आयसीओ-ऑस्कर या शस्त्रक्रियेतलं कौशल्य मोजणाऱ्या तक्त्यावर पायरीगणिक तपासायचा. एसआयसीएसचा तक्ता वेगळा मिळतो, आणि नागपुरात तोच आधी लागणार.