मेडमेरी भरतीक्षेत्र

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेस्ट ससेक्समध्ये सेल्सी व ब्रॅकलशॅम या गावांच्या दरम्यान असलेले खारे दलदलक्षेत्र. समुद्र अडवून शेतीखाली आणलेली ही जमीन 2013 मध्ये मुद्दाम बांध फोडून भरती-ओहोटीला परत देण्यात आली.

येथे किनाऱ्याला गोट्यांचा बांध होता. हिवाळी वादळांत तो खचे आणि बुलडोझर लावून पुन्हा रचावा लागे. मार्च 2008 मध्ये तो फुटला व मागच्या सुटीच्या वसाहतींत पाणी शिरले. त्यानंतर इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने समुद्राला वाट देण्याचे ठरवले. कामाचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. आधी आतल्या बाजूला सुमारे 7 किमी. लांबीचा मातीचा नवा बांध घातला आणि मगच, सप्टेंबर 2013 मध्ये, जुन्या बांधाला सुमारे 110 मी. रुंदीची खांड पाडली. खर्च सुमारे 2.8 कोटी पौंड आला. पाठोपाठच्या हिवाळ्यात मोठी वादळे आली, तरी नव्या बांधामागची घरे सुरक्षित राहिली.

रायगडच्या खारपट्ट्यात उधाणाने खारबंदिस्तीला, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडते, ती वेळेत बुजवली नाही तर भातशेतीत खारे पाणी राहते आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते. त्याला मेडमेरीसारखी पुनःस्थापना म्हणता येणार नाही. तिथे मागे दुसरा बांध नसतो आणि खाचर गमावणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारलेले नसते.

समुद्राची पातळी वाढत असताना बांध जागेवरच राहिला, तर त्याच्या पुढची दलदल समुद्र व बांध यांच्या मध्ये आक्रसत जाते. तिला मागे सरकायला जागा उरत नाही. जवळच्या सोलंट सामुद्रधुनीत अशी झीज झाली असून, मेडमेरीत मिळालेले सुमारे 183 हेक्टरांचे भरतीक्षेत्र तिची भरपाई म्हणून धरले जाते. प्रत्येक भरतीबरोबर येणारा गाळ साचतो, त्यावर खाऱ्या मातीतल्या रसाळ वनस्पती रुजतात आणि त्या लाटांचा जोर कमी करतात. मात्र नांगरून दबलेल्या जुन्या शेतजमिनीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी नैसर्गिक दलदलीइतकी वनस्पतींची विविधता यायला दीर्घ काळ लागतो.

पक्षी मात्र लगेच आले. 2014 मध्ये शेकाट्याच्या एका जोडीने येथे तीन पिल्ले वाढवली. महाराष्ट्रातल्या तळ्याकाठी सहज दिसणाऱ्या या पक्ष्याची वीण ब्रिटनमध्ये तेव्हा फारच क्वचित होत असे.